माझ्या वाट्याची केस

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘ऑपरेशन’ हा शब्द एकटा आला की त्याचा अर्थ एकच होतो. मोतीबिंदू काढला तर लोक ‘डोळ्याचं ऑपरेशन’ म्हणतात, मूतखडा काढला तर ‘खड्याचं’ म्हणतात. पण ‘तिचं ऑपरेशन झालंय’ एवढेच कोणी सांगितले, तर कशाचे हे विचारावे लागत नाही. तिची लेकरे पुरी झाली, आता त्या घरात तिचा पाळणा हलायचा नाही, हे सारे त्या तीन शब्दांत येते. पुढचा प्रश्न फार तर एवढाच, की टाक्याचं की बिनटाक्याचं? उलट ‘त्याचं ऑपरेशन झालंय’ असे म्हणून पाहा. ऐकणाऱ्याचा चेहरा काळजीचा होतो आणि तो विचारतो, ‘कशाचं?’

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. नवऱ्याने नसबंदी करून घेतली अशी जोडपी शंभरात एकही भरत नाहीत. हे आकडे मी वर्तमानपत्रात वाचले आणि कागद बाजूला ठेवला. त्या निम्म्या बायकांपैकी काही जणींना त्या टेबलापर्यंत घेऊन जाणारी मी होते. त्यांतल्या एकीची हकीकत इतकी वर्षे मी कोणाला सांगितलेली नाही. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही, असे वाटते.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. १९८६ साली माझी पहिली नेमणूक तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या एका गावात झाली. ते गाव आज लोहारा तालुक्यात आहे. डी. एड. करून नुकतीच आलेली, वय बावीस. मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवायची एवढीच नोकरीची कल्पना होती. तिथे गेल्यावर कळले की शिक्षकाला शिकवण्याखेरीज बरेच काही करावे लागते. जनगणना, मतदार याद्या, अल्पबचत आणि ‘केसेस’.

केस म्हणजे कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी तयार केलेली बाई. दर वर्षी दिवाळी झाली की बैठकीत आकडे वाचले जात. नर्सबाईंना इतक्या केसेस, ग्रामसेवकाला इतक्या, तलाठ्याला इतक्या, शिक्षकाला इतक्या. वर्ष मार्चअखेर संपायचे, आणि उन्हाळ्यात टाके पिकतात म्हणून बायका तयार होत नसत. म्हणजे हातात राहत ते थंडीचे तीन महिने. उद्दिष्ट पुरे झाले नाही तर वेतनवाढ अडेल, लांबच्या गावी बदली होईल, असे बोलले जाई. माझी वेतनवाढ कधी अडली नाही, पण अडेल ही भीती पुरेशी होती. दोन लेकरे झालेली बाई गावात दिसली की तिच्यावर नर्सबाई, ग्रामसेवक आणि गुरुजी अशा तिघांचे डोळे असत. ती कोणाच्या नावावर लागायची यावरून भांडणे होत. ‘माझी केस पळवली’ असे मोठी माणसे एकमेकांना म्हणत. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कोणालाच वाटत नव्हते. मलाही वाटले नाही.

१९८८ च्या जानेवारीत माझ्या वाट्याला एक केस कमी पडत होती. शाळेच्या मागच्या आळीत एक घर होते. त्या घरातल्या सुनेला तीन वर्षांचा मुलगा आणि सव्वा वर्षाची मुलगी होती. चार संध्याकाळी मी त्या घरी गेले. सासऱ्यांना समजावले, सासूबाईंना समजावले, नवऱ्याला समजावले. एक मुलगा आहे, एक मुलगी आहे, चौकोन पुरा झाला, आता शिकवा त्यांना, असे सांगितले. सरकारकडून मिळणाऱ्या पैशांचे सांगितले. सुनेला वेगळे काही सांगितले नाही. ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि ऐकत होती, तेवढे पुरे आहे असे मी धरून चालले.

पाचव्या दिवशी ती मला विहिरीच्या वाटेवर भेटली. घागर कमरेवरून खाली ठेवून तिने एकच प्रश्न विचारला.

‘बाई, पुन्हा लागलंच तर?’

मी म्हटले, ‘अगं, गाठच मारतात. लागलं तर सोडवता येतं.’

हे मला कोणी सांगितले होते? नेमके कोणी नाही. बैठकींना जाता-येता कानावर पडलेले होते. ते खरे की खोटे हे मी विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते. तिने मान हलवली, घागर उचलली आणि ती गेली. फॉर्म मी भरला. तिचे लग्न पंधराव्या वर्षी झालेले, त्या हिशेबाने ती एकोणीस वर्षांची होती. खरे वय लिहिले असते तर फॉर्म परत आला असता. मी तेवीस लिहिले. तिने अंगठा केला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आरोग्य केंद्राच्या आवारात जत्रेसारखी गर्दी होती. बाहेर चिंचेखाली सासवा तान्ह्यांना घेऊन बसलेल्या, आत एकामागून एक बायका टेबलावर जाताहेत आणि बाहेर येताहेत. खाटा कुठल्या पुरणार? व्हरांड्यात सतरंज्या अंथरून त्यांना ओळीने निजवले होते. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताचा पेंढा टाकून सगळ्यांना गावी आणले. नोंदवहीत केस आणणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव पडले. त्या वर्षीचे माझे उद्दिष्ट पुरे झाले.

ज्याला आपण इतक्या सहजपणे ऑपरेशन म्हणतो, ते नेमके काय असते हे मी पुष्कळ उशिरा समजून घेतले. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना बोटाहून थोड्या लांब अशा दोन बारीक नळ्या असतात. स्त्रीबीज त्या वाटेने येते आणि पुरुषबीजाशी त्याची गाठ तिथेच पडते. ही वाट बंद केली की गर्भ राहत नाही. टाक्याच्या पद्धतीत पोटावर लहानसा छेद घेऊन नळी वर ओढतात, तिचा फासा करून मुळाशी धाग्याने बांधतात आणि वरचा फासा कापून टाकतात. म्हणजे गाठ मारतात हे खरे. पण गाठीच्या वरचा भाग उरतच नाही. बिनटाक्याच्या पद्धतीत पोटात हवा भरून दुर्बीण घालतात आणि नळीच्या फाशावर एक घट्ट रबरी कडे चढवतात. दोन्ही पद्धतींत पाळी येत राहते, संसार चालतो, ताकद कमी होत नाही. हजारात चार-पाच जणींना पहिल्याच वर्षी दिवस जाऊ शकतात, हेही खरे. ही शस्त्रक्रिया नीट झाली तर सुरक्षित आहे. पण ती कायमची आहे. ‘कायमची’ हा शब्द मी त्या विहिरीच्या वाटेवर गिळला होता.

पुरुषाची शस्त्रक्रिया याहून सोपी. त्याच्या नलिका पोटात नसून कातडीखालीच हाताला लागतात. पोट उघडावे लागत नाही, दुर्बीण लागत नाही, आताच्या पद्धतीत टाकाही लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत माणूस चालत घरी जातो. तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते, एवढीच अट. मग सोपे सोडून अवघड का निवडले गेले? सरकारही पुरुषाला जास्त पैसे देते. २००७ पासूनच्या दरांत त्याला ११०० रुपये आणि आमच्याकडच्या दारिद्र्यरेषेखालच्या बाईला ६००. तरी बाईच पुढे केली जाते. याचे उत्तर निम्मे घरात आहे आणि निम्मे इतिहासात.

घरातले उत्तर सर्वांना पाठ आहे. ‘त्याला कष्टाची कामं असतात, अशक्तपणा येईल.’ जणू ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई कष्टाची कामे करतच नाही. इतिहासातले उत्तर आणीबाणीचे आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. आमच्या सीमेला लागून असलेल्या बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरून माणसे धरून, गाडीत घालून नेऊन त्यांच्या नसबंद्या केल्याची हकीकत पुढे छापून आली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुले असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. १९७७ मध्ये सरकार पडले. ‘कुटुंब नियोजन’ जाऊन सरकारी पाट्यांवर ‘कुटुंब कल्याण’ आले. पुरुषांना हात लावायचा नाही, हा धडा मात्र सगळ्या पक्षांनी घेतला. उद्दिष्टे राहिली आणि ती बायकांच्या पोटावर आली. पुरुषांनी आरडाओरडा केला, मते दिली, सरकार पाडले. बाई अंगठा करून गप्प बसत होती.

असे व्हायचे नव्हते. हा विचार महाराष्ट्रात आणणाऱ्यांनी तो बाईसाठीच आणला होता. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि त्यापायी नोकरीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळे सोसले. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई प्रांताच्या विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठी भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. या माणसांच्या मनात बाळंतपणांनी खंगलेली बाई होती आणि तिच्या हाती साधन द्यावे ही इच्छा होती. १९५२ मध्ये देशाने हे काम हाती घेतले तेव्हा जगात असा सरकारी कार्यक्रम दुसरा नव्हता. पुढे लोकसंख्येच्या भीतीने हिशेब सुरू झाला आणि हिशेबात बाईची केस झाली.

मात्र एवढे लिहून थांबले तर मी पुन्हा एक खोटे बोलल्यासारखे होईल. ऑपरेशनने आमच्या भागातल्या बायकांना जे दिले, ते त्यांच्याच तोंडून ऐकले पाहिजे. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. सात बाळंतपणे, त्यांतली चार जगली. त्या म्हणत, ‘बाई, ऑपरेशन झालं त्या रातीला पोटात कळा येत हुत्या. पण तसली निवांत झोप मला लगीन झाल्यापास्नं लागली नव्हती.’ दर महिन्याला तारीख चुकली की जीव मुठीत घेऊन बसणे काय असते, हे त्यांना माहीत होते. कळंब, वाशी, भूम, परंड्याकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत ऑपरेशन उरकून घेतात. फडावर दिवस गेले तर खाडे कोण सोसणार, उचल कशी फेडणार, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. गोळी रोज आठवणीने घ्यायची तर ती ठेवायची कुठे? कोपीत? निरोध नवऱ्याच्या मर्जीवर. उरते काय?

नेमके हेच दुखणे आहे. दुसरे काहीच हाताशी नसताना केलेली निवड खरीही असते आणि निवड नसतेही. आणि ‘पोटातलं काढून टाकलं की सुटका’ हा विचार एकदा रुजला की तो नळ्यांपाशी थांबत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवीच काढलेली निघाली.

आता पुन्हा माझ्या केसकडे येते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा निजले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आमच्याकडची घरे. ती झोपलेल्या माणसांवर बसली. किल्लारीचे नाव सगळ्या देशाला कळले. पण सास्तूर आणि आसपासची आमच्या जिल्ह्यातली गावेही त्याच रात्री गेली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे मेली. माझी तोवर तुळजापूर तालुक्यात बदली झाली होती. तिसऱ्या दिवशी मी जुन्या गावी पोचले. शाळेच्या मागची आळी कोणती, हे मला ओळखता आले नाही.

तिची दोन्ही मुले गेली होती. थोरला माझ्याच शाळेत पहिलीत बसलेला. ती आणि नवरा वाचले. पावसाने उघडीप दिली म्हणून दोघे अंगणात निजले होते आणि मुलांना थंडी वाजेल म्हणून आत ठेवले होते, असे शेजारणीने सांगितले. त्या दिवशी मी तिच्यापुढे गेले नाही. पुढे डिसेंबरात गेले, तेव्हा ती माणसे पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहत होती. तिने मला पाहिले, बसायला पोते अंथरले, पाणी दिले. बऱ्याच वेळाने तिने विचारले,

‘बाई, ते सोडवायचं कुठं असतंय?’

तिचा आवाज साधा होता. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाजाराची मोटार कुठून सुटते हे विचारावे तसे तिने विचारले. पाच वर्षे अकरा महिने तिने माझा शब्द खरा धरला होता. मुले गेली त्या दिवसापासून ती बहुधा त्या एकाच वाक्याला धरून होती.

भूकंपात मुले गमावलेल्या आणि आधी ऑपरेशन झालेल्या अशा बायका गावोगाव होत्या. नळ्या पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रिया त्या काळात झाल्या. पुढे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने तिथल्या मातांसाठी हीच सोय मोफत केली. पण ही गाठ सोडवणे नव्हे. कापलेली दोन टोके शोधून, त्यांतला बंद झालेला भाग काढून, केसाहून बारीक धाग्याने ती जुळवायची असतात. नळी किती उरली आहे, कापली होती की कड्याने आवळली होती, वय काय, यावर यश ठरते. नळी जुळली तरी मूल राहीलच असे नाही आणि राहिलेला गर्भ नळीतच अडकून बाईच्या जिवावर बेतण्याचा धोका वाढतो. मी तिला सोलापूरच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी हे सगळे नीट समजावून सांगितले. मी खुर्चीवर बसून ऐकत होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

१९९४ मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. दिवस गेले नाहीत. तीन वर्षे वाट पाहून घरच्यांनी नवऱ्याचे दुसरे लग्न लावून दिले. त्याला पुन्हा मुले झाली. त्याचे ऑपरेशन झालेले नव्हते ना!

ती त्याच घरात राहिली. सवतीची मुले तिनेच वाढवली. काही वर्षांनी तुळजापुरात भेटली तेव्हा त्यांतल्या धाकट्याला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. मी माफी मागायला तोंड उघडले. ती म्हणाली, ‘तुमी तर भल्यासाठीच सांगितलं हुतं, बाई.’ तिने मला दोष दिला असता तर ते मला सोपे गेले असते.

त्यानंतरच्या काळात कागदावर पुष्कळ बदलले. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्या परिषद झाली आणि आकड्यांऐवजी स्त्रीच्या आरोग्याचा आणि हक्काचा विचार करावा असे जगाने मान्य केले. आपल्याकडे एप्रिल १९९६ पासून वरून लादलेली उद्दिष्टे बंद झाल्याचे जाहीर झाले. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि तेरा जणी दगावल्या, तेव्हा जुनी घाई गेलेली नाही हे कळले. बिहारमध्ये एका शाळेत रात्री उरकलेल्या अशाच शिबिरावरून देविका बिस्वास सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. त्यांच्या खटल्यात सप्टेंबर २०१६ मध्ये न्या. मदन लोकूर आणि न्या. उदय लळित यांनी तीन वर्षांत ही शिबिरे बंद करण्यास सांगितले. आताच्या नियमांप्रमाणे बाई बावीस वर्षांच्या वरची हवी, तिला वर्षाहून मोठे एक तरी मूल हवे, शस्त्रक्रिया कायमची आहे हे तिला तिच्या भाषेत सांगितले पाहिजे, आणि दुसरी साधने कोणती हेही सांगितले पाहिजे. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही. बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याच्या संमतीची गरज नियमाने नाही. सही तिची एकटीची पुरे.

तरी ‘केस’ हा शब्द गेलेला नाही. महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आला आहे, म्हणजे आता दोनांचेही दोन होत नाहीत. लोकसंख्येच्या भीतीचे कारण आपल्याकडे उरलेले नाही. पण राज्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुली आजही पाचात एक सापडतात. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्यापर्यंत दोन लेकरे आणि बावीस पुरी होताच ऑपरेशन, हा क्रम आमच्या गावांत अजून चालू आहे. मधल्या काळात तिला एकही साधन कोणी दिलेले नसते. पाळणा लांबवायचा कधीच नाही, एकदम थांबवायचाच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य पुढे पडलेल्या मुलीकडून कायमचा निर्णय घ्यायचा असेल, तर तिला निदान चार दिवस विचार करायला मिळावा, एवढे मागणे फार नाही. लहान वयात ऑपरेशन झालेल्या आणि नंतर मूल गमावलेल्या बायकांनाच पुढे त्याचा पश्चात्ताप अधिक होतो, हे पाहण्यांतून वारंवार दिसलेले आहे. त्यासाठी मला मात्र पाहणीची गरज नव्हती.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या सुनेला एक मुलगा, एक मुलगी. ‘बाई, तुमचं ती ऐकती. ऑपरेशनचं तुम्हीच समजावून सांगा.’ मी म्हटले, ‘सांगते, पण तिला एकटीला पाठवा.’ वहिनींना ते रुचले नाही, तरी दुपारी ती आली. मी चहा केला आणि जे त्या विहिरीच्या वाटेवर सांगायला हवे होते ते सगळे सांगितले. नळ्या कशा असतात, टाक्याचं काय आणि बिनटाक्याचं काय, तांबी बसवली तर पाच-दहा वर्षे चालते आणि वाटेल तेव्हा काढता येते, तीन महिन्यांचे ‘अंतरा’चे इंजेक्शन असते, आठवड्याची ‘छाया’ गोळी असते, सरकारी दवाखान्यात हे सगळे मोफत मिळते. नवऱ्याचे ऑपरेशन सर्वांत सोपे असते, हेही सांगितले. त्यावर ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, ‘सोडवता येतं म्हणतात ते खरंय का?’

मी म्हटले, ‘नाही. ते येत नाही असंच धरून चाल.’

ती बराच वेळ कपाकडे पाहत बसली. शेवटी म्हणाली, ‘मग आत्ता तांबी बसवते. पोरं जरा मोठी होऊ देत. मग ऑपरेशनचं माझं मी बघीन.’ तीन वर्षांनी ती ऑपरेशन करून घेईलही. घेतले तर मला आनंदच होईल, कारण तेव्हा ती स्वतःच्या पायांनी जाईल.

दुसऱ्या सोमवारी मी तिच्याबरोबर ग्रामीण रुग्णालयात गेले. वहिनी रुसल्या होत्या, आल्या नाहीत. केसपेपरच्या खिडकीशी आतल्या मुलीने नाव विचारले, गाव विचारले, वय विचारले. ‘तेवीस,’ ती म्हणाली. मी आधी तिच्याकडे पाहिले. मग तिचे आधार कार्ड मागून घेतले, जन्मसाल वाचले आणि बोटांवर मोजले.

तेवीसच होते.